नाव खोडले तरी ओळख उरते : खान्देशातील चार सॉफ्टवेअर व्यवसाय आणि दोषांच्या नोंदींचे एक प्रकरण

जळगाव जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेने पीएच.डी.साठी सॉफ्टवेअरमधील दोषांचे भाकीत हा विषय घेतला, तेव्हा तिला अडचण आली तर ती गणिताची येईल, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात गणित दोन महिन्यांत बसले आणि पुढचे वर्षभर चार मालकांच्या चार कार्यालयांत चहा पिण्यात गेले. संशोधनाचा गाभा त्या वर्षात होता, म्हणून हे प्रकरण सविस्तर नोंदवीत आहे. व्यवसायांची आणि माणसांची नावे येथे दिलेली नाहीत. आणि नुसती नावे गाळणे पुरेसे नसते हे याच प्रकरणात पाहिल्यामुळे गावे व काही तपशीलही मी बदलून लिहिले आहेत.

विषय थोडक्यात असा. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो मॉड्यूल, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे भाग, असतात, पण ग्राहकांच्या तक्रारी त्यांतल्या थोड्यांभोवतीच पुन्हा पुन्हा घुटमळतात. प्रत्येक मॉड्यूलची काही मापे घेता येतात : कोडच्या ओळी किती, फाटे किती फुटतात (मॅककेब यांनी १९७६ मध्ये मांडलेले गुंतागुंतीचे माप ते हेच), आणि ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ पद्धतीच्या कोडसाठी चिदंबर आणि केमेरर यांनी १९९४ मध्ये दिलेली सहा मापे. या मापांशेजारी ‘दोष निघाला’ किंवा ‘निघाला नाही’ असा एक रकाना जोडला की झालेल्या इतिहासावरून पुढच्या आवृत्तीतील संशयित मॉड्यूल आधीच हेरता येतात. मेंझीस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नासाच्या प्रकल्पांच्या नोंदींवर संभाव्यतेवर चालणाऱ्या साध्या ‘नेव्ह बेझ’ पद्धतीने असे भाकीत केले. त्यात सदोष मॉड्यूलपैकी सरासरी ७१ टक्के सापडली आणि निर्दोष मॉड्यूलपैकी २५ टक्क्यांवर विनाकारण संशय घेतला गेला. मोठ्या कंपनीला हे आकडे बेताचे वाटतील. पण जिथे चाचणीला दोनच मुले बसवणे परवडते, तिथे कोठून सुरुवात करायची एवढे कळले तरी आठवडा वाचतो.

आपल्याकडचे सॉफ्टवेअर व्यवसाय याच मापाचे आहेत. या प्रकरणातील चौघांपैकी एकजण जळगावच्या सराफांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर करतो, दुसरा धुळ्यात बसून पतसंस्थांचे काम करतो, तिसऱ्याचे ग्राहक जिनिंग मिलवाले आहेत आणि चौथा रावेर-यावल पट्ट्यातील केळी व्यापाऱ्यांचे हिशेब सांभाळतो. प्रत्येकाकडे माणसे मोजकी, आणि दोषांची व्यवस्थित नोंद ठेवायला सुरुवात होऊन फार दिवस झालेले नाहीत. एकट्याच्या इतिहासावर भाकीत उभे राहील इतक्या नोंदी कोणाकडेच नव्हत्या. मग दुसऱ्याचा इतिहास उसना घ्यायचा, हा ओघाने येणारा उपाय. पण तोही सहजासहजी फळत नाही. झिमरमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एका प्रकल्पाच्या नोंदींवरून दुसऱ्याचे भाकीत करण्याचे ६२२ प्रयोग केले. त्यांतले अवघे ३.४ टक्के यशस्वी ठरले. त्याच वर्षी तुरहान, मेंझीस, बेनेर आणि डी स्टेफानो यांनी दाखवले की परक्या कंपनीच्या सगळ्या नोंदी सरसकट घेतल्या तर खोटे इशारे वाढतात. पण आपल्या प्रत्येक मॉड्यूलशी मिळत्याजुळत्या अशा दहा दहा जवळच्या नोंदीच निवडून घेतल्या तर ते बरेच कमी होतात. म्हणजे उसना इतिहास चालतो, पण त्यातून आपल्या जवळचे तेवढे वेचून घ्यावे लागते, आणि वेचायला आधी ढीग मोठा लागतो. चौघांनी मिळून ढीग करावा, असा तिचा प्रस्ताव होता.

चौघांनीही नकार दिला. धुळ्याच्या मालकांनी तो सर्वांत स्पष्ट दिला : “मॅडम, घरनी गोट बाहेर कोन सांगस?” त्यांचे म्हणणे असे की कोड कोणी मागितला नाही हे खरे, पण व्याज आकारणीचे मॉड्यूल वर्षभरात कितीदा दुरुस्त झाले हा आकडा जरी बाहेर गेला, तरी उद्या समोरचा स्पर्धक तो कागद पतसंस्थेच्या संचालक मंडळापुढे ठेवील. या भीतीत एक अन्याय दडलेला आहे, तो मला आधी लक्षात आला नव्हता. जो मालक प्रत्येक चूक प्रामाणिकपणे लिहून ठेवतो, त्याचाच तक्ता वाईट दिसतो. ज्याने वहीच ठेवली नाही, तो कागदावर निर्दोष ठरतो.

गुप्ततेचा करार करून देण्याची तिची तयारी होती. सराफी सॉफ्टवेअरच्या मालकांनी तो वाचला आणि विचारले, “हा करार तुम्हाला बांधतो, पण तुमचा प्रबंध वाचणाऱ्याला कोण बांधणार?” विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर सर्वांना वाचायला खुले होतात, हे त्यांना त्यांच्या पुतण्याकडून ठाऊक होते. या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते.

नावे खोडून पाहिली

पहिला उपाय तोच, जो कोणालाही सुचेल. व्यवसायाचे नाव काढले, मॉड्यूलच्या नावांऐवजी ‘म-१’, ‘म-२’ असे क्रमांक घातले, लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरची नावे पुसली. सराफी आणि पतसंस्थेच्या दोन मालकांनी एवढ्यावर नमुन्यापुरते काही देण्याची तयारी दाखवली. तो तक्ता इतर कोणाच्या हाती जाण्यापूर्वी, दोघांच्या संमतीने, तिने एक परीक्षा घेतली. या दोन्ही ठिकाणी पूर्वी नोकरी केलेला एक अनुभवी प्रोग्रॅमर तिच्या ओळखीचा होता. आपल्याकडे असा माणूस शोधावा लागत नाही. हातावर मोजण्याएवढी कार्यालये आणि त्यांतच फिरणारी मुले, त्यामुळे कोणाचा कोड कोणी लिहिला हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्यासमोर तक्ता ठेवला आणि विचारले, यात कोण कोण दिसते?

पंधरा मिनिटे पुरली. ‘शेवटची दुरुस्ती’ या रकान्यात जुलै २०१७ पाहिल्याबरोबर तो म्हणाला की ही कराची गणना असणार, कारण १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि त्या महिन्यात प्रत्येक बिलिंगवाल्याने रात्री जागवल्या होत्या. मार्च-एप्रिल २०२३ मधील गर्दीवरून त्याने सराफी सॉफ्टवेअर ओळखले : हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असल्याखेरीज विक्री नाही, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून आला, आणि त्यासाठी बिलापासून साठ्यापर्यंत सगळीकडे नवा रकाना घालावा लागला. दरवर्षी मार्चअखेरीस हात लागणारे, आणि इतर सगळ्यांहून ओळींनी कितीतरी मोठे असलेले मॉड्यूल म्हणजे ठेवींवरील व्याज, हे सांगायला तर त्याला विचारही करावा लागला नाही. “हे मीच सुरू केलं होतं, मॅडम,” एवढेच म्हणाला.

माहिती काढून घेणाऱ्याला नाव लागत नाही, त्याला बाहेरचे थोडे ज्ञान असले की पुरते. हे माहितीच्या खासगीपणावर संशोधन करणाऱ्या लटान्या स्वीनी यांचे काम वाचणाऱ्याला नवे नाही. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तिन्हींच्या जोडीवरून अमेरिकेतील ८७ टक्के लोकसंख्या एकमेवपणे ओळखता येण्याजोगी आहे, असे त्यांनी १९९० च्या जनगणनेच्या आधारे दाखवले होते. आमच्या प्रकरणात फरक एवढाच की इथे ते बाहेरचे ज्ञान कोणत्या मतदार यादीत शोधावे लागत नाही. ते चहाच्या टपरीवर मिळते. लहान बाजारपेठेत गर्दीच नसल्यामुळे गर्दीत लपण्याची सोय नसते, ही गोष्ट मोठ्या शहरांत बसून लिहिलेल्या उपायांत पुरेशी मोजलेली दिसत नाही.

दुसरा उपायही स्वीनी यांच्याच नावाशी जोडलेला, २००२ मध्ये मांडलेला ‘के-अनामिकता’ : नोंदी इतक्या ढोबळ करायच्या की प्रत्येक नोंद किमान ‘के’ (आपण ठरवू तो आकडा) एकसारख्या नोंदींच्या गटात मोडावी. तिने नेमक्या ओळींऐवजी ‘३०० ते ६००’ असे पट्टे केले. लपवणूक साधली, पण भाकीत आंधळे झाले. ३२० ओळींचे धड मॉड्यूल आणि ५८० ओळींचे सदोष मॉड्यूल एकाच पट्ट्यात गेल्यावर त्यांच्यात भेद करायचा तो कशाने? ब्रिकेल आणि श्माटिकोव्ह यांनी २००८ मध्ये याच स्वरूपाचा इशारा दिला होता, की अशा ढोबळीकरणात थोडासा खासगीपणा मिळवायला डेटाची जवळजवळ सगळी उपयुक्तता मोजावी लागते. तिच्या तक्त्यात ते अक्षरशः घडले. ढोबळ करणारी पद्धत सदोष आणि निर्दोष यांमधली सीमा कोठून जाते हे विचारातच घेत नाही. आणि भाकिताला हवी असते ती तेवढी सीमाच.

सीमेच्या अलीकडे सरकवणे

येथून पुढचा मार्ग फायोला पीटर्स आणि टिम मेंझीस यांच्या कामातून मिळाला. त्यांनी २०१२ मध्ये ‘मॉर्फ’ नावाची पद्धत मांडली, ती कल्पनेने इतकी साधी आहे की तिने ती मालकांना कागदावर करून दाखवली. प्रत्येक नोंदीसाठी तिची सर्वांत जवळची पण विरुद्ध वर्गातली नोंद शोधायची. सदोष असेल तर जवळची निर्दोष, निर्दोष असेल तर जवळची सदोष. दोघींमधले अंतर मोजायचे आणि त्या अंतराच्या ०.१५ ते ०.३५ पट इतके, यादृच्छिकपणे, आपल्या नोंदीला पुढे किंवा मागे सरकवायचे. समजा सदोष मॉड्यूल ४०० ओळींचे आहे आणि जवळचे निर्दोष ३०० ओळींचे. अंतर १००. तर ४०० चा आकडा १५ ते ३५ ने कमी किंवा जास्त होईल : ३६५ ते ३८५ च्या दरम्यान, नाहीतर ४१५ ते ४३५ च्या दरम्यान कोठेतरी. दोघांच्या मध्यावरची ३५० ची रेघ तो कधीच ओलांडणार नाही. आकडा खोटा होतो, बाजू खरी राहते.

धुळ्याचे मालक या कागदाकडे बराच वेळ पाहत बसले आणि मग त्यांनी बांधाचे उदाहरण दिले : शेतातले झाड कोठेही हलवा, पण बांधापलीकडे जाऊ देऊ नका. मी वर्गात हल्ली हेच उदाहरण वापरतो.

पण पद्धतीची मर्यादा तिला त्याच व्याजाच्या मॉड्यूलवर कळली. ज्या नोंदीच्या आसपास विरुद्ध वर्गाची दाटी आहे, ती जेमतेम हलते. आणि जी सगळ्यांपासून फार दूर आहे ती बरीच हलते खरी, पण हलूनही सर्वांत मोठीच राहते. गावात सर्वांत उंच असलेल्या माणसाची उंची चार बोटे कमी लिहिली म्हणून तो लपत नाही. एखाद्या मापात दोन्ही नोंदी सारख्याच असतील तर अंतर शून्य येते आणि ते माप मुळी बदलतच नाही, हा आणखी एक बारकावा.

यावर उतारा पीटर्स, मेंझीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या लेखात दिलेला आहे : सरकवण्यापूर्वी नोंदी कमी करायच्या. ‘क्लिफ’ नावाच्या या पायरीत प्रत्येक मापाचे टप्पे पाडून कोणता टप्पा एकाच वर्गात ठळकपणे जास्त आढळतो ते पाहतात, त्यानुसार प्रत्येक नोंदीला गुण देतात आणि फक्त वरच्या थोड्या टक्के नोंदी ठेवतात. जी नोंद तक्त्यात नाही, ती चोरता येत नाही. माझ्या मते पीटर्स यांच्या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. सरकवण्याचे सूत्र लक्ष वेधून घेते, पण ‘किती कमी दिले तरी चालेल’ हा प्रश्न त्याहून धारदार आहे. मालकांचे मनही इथेच वळले. सगळा तक्ता बदलून देतो म्हटल्यावर ते साशंक होते. बहुतेक नोंदी तुमच्याच संगणकावर राहतील आणि निवडक तेवढ्या बदलून बाहेर जातील म्हटल्यावर संभाषणाचा सूर पालटला.

परीक्षाही त्याच लेखातल्या पद्धतीने घेतली. हल्लेखोराला एखाद-दोन मापे ठाऊक आहेत असे धरायचे, त्यावरून त्याने गुप्त मापाचा, म्हणजे ओळींच्या संख्येचा, मूळ तक्त्यात काय अंदाज केला असता आणि बदललेल्या तक्त्यात काय करील याची तुलना करायची; जितक्या वेळा अंदाज बदलतो तितका खासगीपणा वाढला असे मानायचे. हे गणिती माप झाले. तिने सोबत तोच प्रोग्रॅमर पुन्हा बोलावला, आणि मला विचाराल तर ही दुसरी परीक्षा अधिक बोलकी होती. तारखांचा रकाना आता नव्हताच, कारण भाकिताला त्याची गरज नाही हे तपासून तो आधीच गाळला होता. त्याने बऱ्याच नोंदींना नावे दिली आणि त्यांतल्या बहुतेक चुकल्या. विशेष म्हणजे चुकीची नावेही त्याने तितक्याच ठामपणे दिली. एकच नोंद त्याने बरोबर ओळखली, ती व्याजाची. क्लिफच्या गाळणीतून ती निसटली होती. मग मालकांशी बोलून असा नियम केला की कोणत्याही मापात जी नोंद उरलेल्या सगळ्यांपासून तुटून पडलेली दिसेल, ती निवड होण्यापूर्वीच हाताने काढायची. असा नियम लेखात नाही. तो आमच्या गावगाड्याने शिकवला.

उलटी भिशी

चौघांच्या नोंदी एकत्र आणण्यासाठी तिने पीटर्स, मेंझीस आणि लेमन यांची २०१५ मधील ‘लेस-२’ ही पद्धत घेतली. त्यात एक सामायिक पेटी हातोहात फिरते. पहिला मालक आपल्या निवडक, सरकवलेल्या नोंदी टाकतो, दुसरा आपल्या नोंदी पेटीतल्यांशी ताडून पाहतो आणि ज्यांच्यासारखे आत काहीच नाही अशाच टाकतो, तिसरा तसेच. कोणी कोणाचा मूळ तक्ता पाहत नाही आणि पेटी विनाकारण फुगत नाही.

कागदावर हे निर्दोष आहे. प्रत्यक्षात पहिला कोण, यावर बैठक अडली. पहिल्याला सर्वांत जास्त टाकावे लागते आणि शेवटच्याला सर्वांत कमी, हे चौघांच्याही लगेच ध्यानात आले. भिशीत पहिली उचल मिळावी म्हणून लोक धडपडतात. इथे प्रत्येकाला शेवटचा नंबर हवा होता. चिठ्ठ्या टाकू, असे एकाने सुचवले. पण चिठ्ठीने नशीब वाटले जाते, ओझे कमी होत नाही.

तोडगा तिला रात्री सुचला आणि तो तिच्या प्रबंधातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे. पेटी रिकामी फिरवायचीच नाही. युरेच्को आणि मॅडेस्की यांनी २०१० मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या संग्रहात ‘अँट’, ‘कॅमल’ यांसारख्या मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पांच्या दोष-नोंदी आहेत; त्या आधी पेटीत घालायच्या. मग पहिला मालकसुद्धा खऱ्या अर्थाने दुसरा ठरतो. मात्र ते प्रकल्प जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतले आणि आपल्याकडचा कोड कोठे व्हिज्युअल बेसिकचा, कोठे पीएचपीचा, त्यामुळे वारशाशी (कोडच्या एका भागाने दुसऱ्याचे गुण घेण्याशी) संबंधित मापे जुळेनात. सर्वांत समान निघतील अशी थोडी मापेच ठेवली : ओळी, ‘मेथड्स’ची (कोडमधील छोट्या कृतींची) संख्या, सर्वाधिक आणि सरासरी गुंतागुंत. मापे कमी झाल्याने भाकिताची धार थोडी बोथट होते, आणि ते तिने प्रबंधात लपवलेले नाही.

केळीवाल्यांचे मालक मात्र शेवटपर्यंत आले नाहीत. त्यांचा युक्तिवाद असा : सराफीचे सॉफ्टवेअर करणारे जळगावात आणखी आहेत, पतसंस्थांचे तर अनेक, पण घडांच्या वजनावरची कटती, रोजचा बदलता भाव आणि मजुरांच्या टोळीचा हिशेब एकाच ठिकाणी करणारा त्यांच्या पट्ट्यात आपण एकटेच आहोत असे ते मानतात, तेव्हा ढिगात इतरांहून वेगळे जे काही दिसेल ते आपलेच समजले जाईल. शिवाय लेस-२ नेमक्या वेगळ्या नोंदीच मागते. या आक्षेपाला तिच्याकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नाही. जो सर्वांहून निराळा आहे त्याच्या नोंदी भाकिताला सर्वांत उपयोगी आणि लपवायला सर्वांत अवघड, हा पेच सूत्र बदलून सुटणारा नाही.

तक्रारवही

मापांच्या तक्त्यावर एवढी खबरदारी घेतल्यावर खरी गळती भलतीकडेच सापडली. ‘दोष निघाला’ हा रकाना भरायचा कशावरून? मोठ्या कंपन्यांत त्यासाठी बग नोंदवण्याची प्रणाली असते; इथे तक्रारी फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि एका लांबलचक वहीत येत होत्या. पतसंस्थेच्या कर्मचाऱ्याने चुकलेले व्याज दाखवायला पाठवलेल्या पडद्याच्या फोटोत खातेदाराचे नाव, खाते क्रमांक आणि शिल्लक स्पष्ट दिसत होती. असे फोटो प्रोग्रॅमरांच्या स्वतःच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे पडून होते. मॉड्यूलच्या ओळी किती हे जिवापाड जपणाऱ्या मालकांनी याकडे कधी पाहिलेच नव्हते.

कायद्याची बाजू इथे विचित्र रीतीने उलटी पडते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. व्यवसायाचे गुपित म्हणून मालकांना जी भीती होती, ती त्याच्या कक्षेत येत नाही. येतात ते खातेदाराचे फोटो, आणि कोणती दुरुस्ती कोणी केली हे सांगणारी प्रोग्रॅमरांची नावे. संशोधन व सांख्यिकीय कामासाठी कायद्यात सवलत आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाणार नसेल तरच. हा तपशील तिने मालकांना मुद्दाम वाचून दाखवला, कारण जिनिंगवाल्यांच्या मालकांनी मध्येच विचारले होते, की कोणत्या मुलाच्या मॉड्यूलमध्ये दोष जास्त निघतात तेही हे यंत्र सांगेल का. सांगू शकते, म्हणूनच लिहिणाऱ्याच्या नावाचा रकाना तिने कोणत्याही टप्प्यावर स्वीकारला नाही. वही वाचून रकाना भरण्याचे काम प्रत्येक कार्यालयातल्या माणसानेच केले, आणि ती फक्त पद्धत शिकवून बाहेर बसली.

मार्चअखेरच्या आवृत्तीआधी धुळ्याच्या कार्यालयात पेटीवरून भाकीत चालवले गेले. संशयित म्हणून आलेल्या मॉड्यूलपैकी काही खोटे इशारे निघाले. पण मुदतपूर्व ठेव मोडताना व्याज कापणारे एक लहानसे मॉड्यूल यादीत वर आले होते, ज्याच्याकडे एरवी कोणी पाहिले नसते, आणि त्यात लीप वर्षाच्या दिवसांची चूक सापडली. एका उदाहरणावरून पद्धत सिद्ध होत नाही. मालकांनी मात्र त्या दिवसापासून वही नीट लिहायला दोन स्वतंत्र माणसांची सही सक्तीची केली.

प्रबंध सादर करताना एक अडचण राहिली होती. प्रयोग दुसऱ्या कोणाला करून पाहता यावा यासाठी यादृच्छिक आकडे ज्या बीजावरून, म्हणजे सुरुवातीच्या आकड्यावरून, काढले ते बीज परिशिष्टात द्यावे, असा मार्गदर्शकांचा आग्रह होता, आणि संशोधनाच्या शिस्तीला धरून तो योग्यच होता. पण बीज कळले की सरकवण्याचे प्रमाण कळते, आणि जवळची नोंद ज्याला ठाऊक आहे तो मूळ आकड्यापर्यंत उलटा चालत येऊ शकतो. शेवटी खुल्या संग्रहावरील प्रयोगाचे बीज परिशिष्टात छापले. तिन्ही व्यवसायांचे बीज त्या त्या मालकाने स्वतः निवडले होते. ते तिला सांगितले नव्हते आणि तिने विचारले नव्हते. धुळ्याच्या मालकांनी आपले बीज कोठे लिहून ठेवले आहे हे त्यांच्या मुलालाही माहीत नाही, असे ते परवा हसत सांगत होते.